पुस्तकांची यादी देण्याआधी

सोलापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

बी.एस्सी. पहिल्या वर्षाचं फिजिक्स तुझ्याकडे आलं, फार बरं वाटलं. मुलांना पुस्तकांची यादी देण्याआधी विद्यापीठाचा अभ्यासक्रम समोर ठेव आणि प्रत्येक घटकापुढे फुकट मिळणारं प्रकरण लिही. ओपनस्टॅक्स ही पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर फुकट देणारी संस्था; तिच्या 'युनिव्हर्सिटी फिजिक्स'चे 3 खंड आहेत: पहिल्यात यांत्रिकी नि तरंग, दुसऱ्यात उष्मागतिकी, वीज नि चुंबकत्व, तिसऱ्यात प्रकाश नि आधुनिक भौतिकी. ज्यांचं बारावीचं कच्चं आहे त्यांना एनसीईआरटीच्या संकेतस्थळावरची प्रकरणं पुरतात. यातून जे सुटेल तेवढ्यासाठीच विकतचं पुस्तक सुचव, तेही लायब्ररीत किती प्रती आहेत ते बघून.

खंडाची अख्खी फाइल ग्रुपवर टाकू नकोस. अक्कलकोट, मोहोळहून एसटीनं येणाऱ्या पोरांकडे डेटा मोजका असतो, फोनही भरलेला. पीडीएफ प्रकरणवार तोड आणि कॉलेजच्या वायफायवर उतरवून घ्यायला लाव. मग फोन फ्लाइट मोडवर टाकून फाइल उघडायला सांग. पुष्कळांनी नुसती लिंक ठेवलेली असते, ते तिथेच कळतं.

वर्गात पान नंबर सांगायचा नाही. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका यांमुळे फाइलमधला आकडा नि पानावर छापलेला आकडा जुळत नाही, फाइल तोडली की आणखी बदलतो. 'उदाहरण 5.4 काढा' म्हटलं की सगळे एकाच जागी येतात.

गणितं मात्र फोनवर सोडवायला लावू नकोस. आकृती वर, प्रश्न खाली. पान सरकवण्यातच पोरगं दमतं. तेवढीच पानं छापून दे: 12 पानं पाठपोट, म्हणजे 6 कागद. प्रत्येकानं अख्खं प्रकरण झेरॉक्स केलं तर वाचलेले पैसे तिथेच गेले. आणि रंगीत आलेख काळ्या-पांढऱ्यात काढला की लाल नि निळी रेघ सारखीच करडी दिसते. आधी पेनानं 'अ', 'ब' लिहून घे.

टेलिग्रामवरच्या चोरीच्या स्कॅनना हात लावू देऊ नकोस. आवृत्ती जुनी, मधली पानं गायब, शब्द शोधायला जावं तर सापडत नाही. ओपनस्टॅक्सचा परवाना श्रेय देऊन भाषांतर करू देतो, तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी प्रकरणाचा सारांश मराठीत करून देता येईल. हे काम वेळखाऊ आहे, पण कर.

काही घरांत एकच फोन असतो आणि तोही वडील कारखान्यावर नेतात. अशांसाठी छापलेला एक संच लायब्ररीत, बाहेर न देण्याच्या कपाटात ठेव. फोन कुणाकडे नाही हे वर्गात हात वर करायला लावून विचारू नकोस. पहिल्या आठवड्यात चिठ्ठीवर लिहून घे.

तुझा,
सर