स्वप्नात कळतं, पण वळत नाही

“मॅडम, हे स्वप्न आहे हे मला स्वप्नातच कळतं. पण तेव्हा डोकं चालत नाही. ठरवलेलं काही आठवत नाही. माझ्या मेंदूत काही बिघाड आहे का?”

मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे ल्युसिड ड्रीम, म्हणजे सजग स्वप्न (स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं), हा प्रकार आता कॉलेजच्या पोरांनाही माहीत झालाय, आणि त्यामागोमाग हा प्रश्नही वारंवार येऊ लागलाय. एका मुलीची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

सीएची आर्टिकलशिप करणारी, पुण्यात पीजी म्हणून राहणारी मुलगी. सोबत साताऱ्याहून आलेली आई. आईची काळजी निराळीच होती. “सुट्टीला घरी येते तेव्हा पहाटे दचकून उठते. म्हणते, हातपाय हलेनात, छातीवर कुणीतरी बसलं होतं. आमच्याकडं लोक काय काय सांगतात, मॅडम. दृष्टसुद्धा काढून झाली.”

आईंचं आधी उरकलं. ठळक स्वप्नं पडतात त्या झोपेत, आरईएम झोपेत, शरीराचे बहुतेक स्नायू मेंदूनेच सैल करून ठेवलेले असतात, नाहीतर माणूस स्वप्नात पळताना पलंगावरून पडेल. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागे राहतात. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. भीती खरी असते, छातीवर बसणारं कुणी नसतं. तुटक झोप आणि उताणं झोपणं यांनी हे वाढतं. “म्हणजे बाहेरचं काही नाही ना?” हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि मग पिशवीतला डबा काढून माझ्यासमोर ठेवला.

मुलीने स्वप्नांची वही आणली होती. एका पानावर असं होतं: ‘मामाच्या घराचा जिना. दिवा लागत नाही. कळलं, स्वप्न आहे! मग दहावीचं हॉल तिकीट शोधत बसले. पेपर अकराचा. उशीर होतोय म्हणून रडले.’

क्रम बघा. स्वप्न आहे हे कळल्यानंतर ती पेपरला उशीर होतोय म्हणून रडली आहे. तेही दहावीच्या पेपरला, सीए फायनलच्या तोंडावर. यात बिघाड काही नाही. आरईएम झोपेत मेंदूचा पुढचा भाग, ज्याच्या जोरावर आपण आखणी करतो, ताडून बघतो, आठवून ठेवतो, तो मंदावलेला असतो. सजग स्वप्नात तो थोडा जागा होतो, आणि किती जागा होईल हे दरवेळी वेगळं. म्हणून एकच माणूस एका रात्री स्वप्नात लख्ख असतो आणि दुसऱ्या रात्री नुसता ‘कळलं’ म्हणून पुन्हा वाहून जातो.

प्रयोगशाळेतही हेच दिसतं. 1975 साली इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी एका झोपलेल्या माणसाकडून आधी ठरलेली खूण मिळवली. आरईएममध्ये डोळे हलवता येतात, त्याने स्वप्नातून ते डावीकडे-उजवीकडे फिरवले. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी हेच स्वतंत्रपणे दाखवलं. 2021 मध्ये चार देशांतल्या प्रयोगशाळांनी स्वप्नात असलेल्या लोकांना साधी गणितं घातली. आठातून सहा वजा केले तर? एकाने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं. बातम्यांत तेवढंच आलं. पण पाचातल्या सुमारे तीन वेळा समोरून काहीच उत्तर आलं नव्हतं. हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली. “म्हणजे तिथेही नापास होतात!”

मग मी विचारलं, झोपतेस किती वाजता? एक वाजता. आणि गजर? साडेतीन आणि पाच. रोज. ऑफिस साडेनऊला. व्हिडिओत सांगितलं होतं, मधे उठून परत झोपलं की सजग स्वप्नं पडतात. ते खोटं नाही, या पद्धतीने अनेकांना ती पडतात. पण आरईएमचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात, आणि सात-आठ तासांच्या झोपेत शेवटचा टप्पा सगळ्यात मोठा असतो. ही मुलगी एकला झोपून आणि पहाटे दोनदा उठून नेमक्या त्याच वाट्याला कात्री लावत होती. दिवसा ऑडिटच्या फायलींवर पेंगायची. जागेपणी जे डोकं साफ नाही, ते स्वप्नात कुठून होणार? आईंच्या तक्रारीचं मूळही बहुधा या गजरांतच होतं.

गजर बंद, झोप अकराला. तिला हे अजिबात आवडलं नाही. “मग स्वप्नं कमी होतील.” होऊ देत, म्हटलं.

दुसरी गोष्ट बोटं मोजण्याची. दिवसभरात अधूनमधून बोटं मोजायची, म्हणजे स्वप्नातही मोजली जातात आणि संख्या चुकली की कळतं, ही युक्ती ती इमानाने करायची. स्वप्नात तिने मोजलीही होती, सहा आली, आणि ‘ठीक आहे’ म्हणून ती पुढे गेली! जपमाळ ओढत भाजीचा भाव विचारावा तसं झालं होतं. बोटं सोडायला लावली. त्याऐवजी दिवसातून मोजक्या वेळा, पण थांबून, खरोखर विचारायचं: मी इथे कशी आले? पाच मिनिटांपूर्वी कुठे होते? जिना चढून आले की नुसतीच इथे आहे? स्वप्नात लंगडी पडते ती आठवण, म्हणून प्रश्न आठवणीलाच विचारायचा.

तिसरी माझ्या मते सगळ्यात उपयोगाची. तिची यादी मोठी होती: उडायचं, समुद्र बघायचा, गेलेल्या आजीशी बोलायचं. मी म्हटलं, यादी बाजूला ठेव. झोपताना एकच वाक्य घोळव आणि स्वप्नात ते मोठ्याने बोल: ‘हे स्वप्न आहे, मी माझ्या खोलीत झोपलेय, इथे कसलीही घाई नाही.’ सोबत हाताचे तळवे एकमेकांवर चोळायचे. स्वप्न विरायला लागलं की स्पर्शाकडे लक्ष नेणं, हा लाबर्ज यांनीच सुचवलेला उपाय. आणि सकाळी जाग आली की कूस न बदलता आधी स्वप्न आठवायचं, मगच मोबाइल.

मधेच तिने एका गोळीबद्दल विचारलं. मैत्रीण ऑनलाइन मागवणार होती, गॅलँटामिन. हे अल्झायमरच्या रुग्णांना डॉक्टर देतात ते औषध आहे. सजग स्वप्नांसाठी त्यावर प्रयोग झालेत हे खरं, पण नाडी मंदावणं, मळमळ असे त्याचे परिणाम आहेत. स्वप्नात मजा यावी म्हणून ते घेऊ नये, असं स्पष्ट सांगितलं.

स्वप्नं सुरुवातीला खरंच कमी झाली, ती वैतागली, एक भेट तिने बुडवलीही. पुढे वहीत एक नोंद आली: ‘परत हॉल तिकीट. वाक्य बोलले. अर्धंच आठवलं, घाई नाही एवढंच. पण मग शोधणं थांबवलं आणि परीक्षकांना विचारलं, पेपर कोणत्या विषयाचा? त्यांनाही माहीत नव्हतं.’ मला विचाराल तर उडण्यापेक्षा हे मोठं यश. नंतरही धूसर स्वप्नं पडतच राहिली, पहाटेचं जखडणं मात्र खूप कमी झालं. परीक्षा होईपर्यंत गजराला हात लावायचा नाही, असं आमचं ठरलंय. नंतर हवं तर सुट्टीच्या दिवशी, पुरेशी झोप राखून.

पालक फोन करून विचारतात, मुलगा हे करतो, करू द्यावं का? झोप पुरी होत असेल आणि दिवसाची कामं नीट चालू असतील तर मी अडवत नाही. पण जागेपणीही ‘हे खरं आहे की स्वप्न’ असा घोळ होत असेल, आवाज ऐकू येत असतील, किंवा घरात कुणाला सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा, त्रास झालेला असेल, तर हा सराव मी शिकवत नाही. आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला चिठ्ठी देते.