नुसतं चालून भागणार नाही, वहिनी

वहिनी, कमाटी बागेतल्या सकाळच्या फेऱ्या अजिबात सोडू नका. हृदयाला आणि साखरेला त्यांचा फायदा आहेच. पण जिना चढताना कठडा धरावा लागतो म्हणालात, त्यावर एवढं पुरणार नाही. वयाबरोबर स्नायूंतले झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी बारीक होतात. खुर्चीतून उठायला, तोल गेला तर सावरायला तेच लागतात. त्यांना वजनाचा व्यायामच हवा.

आता वय झालं, असं मनातही आणू नका. १९९० साली अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या काही नव्वदीच्या मंडळींनी आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम केला, तर त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! हा आकडा मला फार धीर देतो.

सुरुवात खुर्चीपासून करा. हात न टेकता, सावकाश, दहा वेळा उठा-बसा. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. शेवटच्या दोन जड गेल्याच पाहिजेत; सोप्या वाटू लागल्या की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या. श्वास रोखू नका. रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा.

आणि जेवण! सकाळी चहा-खाखरा, रात्री खिचडी-कढी, यात प्रथिनं कमी पडतात. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम हवीत. मुगाचं धिरडं, उसळ, पनीर, दही असं दिवसभरात विभागून घ्या.

सोमवारी संध्याकाळी घरी या, पहिल्या खेपेला मी शेजारी उभं राहून करून घेईन.