बागेतले प्रश्न: रॅबिट्स फूट फर्न

प्रश्न: कुंडी बदलताना रॅबिट्स फूट फर्नचे वर आलेले केसाळ दांडे मातीत पुरले. आता ते मऊ पडून काळे होत आहेत, पानंही पिवळी होऊन गळतात. पाणी रोज घालते. काय चुकतंय?

उत्तर: दांडे पुरले, तिथेच चुकलं. ती या नेच्याची, म्हणजे फर्नची, आडवी सरपटणारी खोडं आहेत. रानात हा नेचा झाडांच्या सालीवर, खडकांवर वाढतो, त्यामुळे खोड सतत मोकळ्या हवेत असतं. मातीखाली, त्यातून रोजच्या पाण्याने, ते कुजणारच.

झाड आजच उपसून काढा. प्रत्येक खोड दाबून पाहा. कडक आणि आतून हिरवट असेल ते ठेवा, दाबल्यावर पाणी सुटेल ते स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने निरोगी भागापर्यंत कापा. कुंडी उथळ हवी, 10-12 सेंमी खोल पुरे, आणि तळाला भोकं हवीतच. 2 भाग कोकोपीट, 1 भाग पर्लाइट (हलके पांढरे खडे), 1 भाग सालीचे तुकडे असं मिश्रण भरा. बारीक मुळं तेवढी त्यात जाऊ द्या. खोड वरच ठेवून तारेच्या यू आकाराच्या पिनांनी टेकवा. पिन खोडात रुतू देऊ नका.

वरचा 2 सेंमी थर सुकला की मगच पाणी, तेही कडेने. भरपूर उजेड द्या, पण थेट ऊन नको. पारा 10 अंशांखाली जात नसेल तर बाहेर भिंतीच्या आडोशालाही चालेल. नवी गुंडाळलेली पानं दिसेपर्यंत खत अजिबात नको. नंतर महिन्यातून एकदा, निम्म्या मात्रेने.

कापताना पान आणि मुळं असलेले 6-8 सेंमीचे निरोगी तुकडे निघाले तर टाकू नका. ओलसर मिश्रणावर असेच टेकवून पारदर्शक झाकणाखाली ठेवले तर त्यांची नवी रोपं होतात. झाकण रोज थोडा वेळ उघडा, नाहीतर बुरशी येते.

प्रश्न: याच फर्नच्या पानांमागे तपकिरी ठिपके आहेत. औषध फवारू का?

उत्तर: आधी नीट पाहा. पानाच्या कडेला, प्रत्येक पाळीच्या टोकाशी सारख्या अंतराने असतील तर ते बीजाणूंचे पुंजके, ज्यांतून नेच्याची नवी रोपं होतात; हात लावू नका. देठावर, शिरेलगत कुठेही विखुरलेले, नखाने खरवडून निघणारे आणि पान चिकट करणारे असतील तर खवले कीड. ती काडीने काढा, फार भरलेलं पान बुडाशी कापा. तेलकट फवारे आणि पानांना चकाकी आणणारी द्रावणं टाळा, नेच्याची कोवळी पानं त्याने करपतात.