तज्ज्ञांचं मत बदलत असेल तर त्यांच्यावर विश्वास कधी ठेवायचा?

तुमची तक्रार अशी, की २०२० च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना सरसकट सगळ्यांना मास्क नको म्हणाली आणि जूनमध्ये हवा म्हणाली. मग सामान्य माणसाने मानायचं काय? मत बदललं कशामुळे, हे मी आधी बघतो.

मी परळचा. आमच्याकडच्या हाफकिन संस्थेचा इतिहास याच प्रश्नाचा आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्याचा जंतू हाँगकाँगला सापडून दोन वर्षं झाली होती. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे माहीत नव्हतं. बहुतेक डॉक्टरांचा आणि अधिकाऱ्यांचा संशय घाणीवर आणि कोंदट चाळींवर. गटारं धुतली, घरांना चुना फासला, लोकांना बळजबरीने घराबाहेर काढलं. १८९८ मध्ये सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून सांगितलं, की उंदरांवरच्या पिसवा रोग पसरवतात. सरकारी प्लेग कमिशनने ते मानलं नाही. म्हणजे त्या वेळचं एकमत चुकलं होतं, हे खरंच आहे.

पण पुढचं वाचा. १९०५ पासून परळच्या याच प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी गिनिपिग घेऊन हे तपासलं. प्लेगची लागण झालेल्या घरांत पिंजरे ठेवले, काहींना पिसू शिरणार नाही इतकी बारीक जाळी लावली. उघड्या पिंजऱ्यातल्या काही प्राण्यांना प्लेग झाला, जाळीतले वाचले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्यांना लागण झाली, दोन फुटांवरच्यांना नाही, कारण पिसू तेवढी उंच उडत नाही. हवेतून रोग पसरत असता, तर वरचे प्राणीही मेले असते. घाणीचं मत अशा परीक्षेतून उतरलेलं नव्हतं. म्हणून ते एकमत मी कच्चं मानतो आणि पिसवांचं पक्कं.

मास्कच्या बाबतीत लक्षणं नसलेले लोकही रोग पसरवतात, हे पुढे स्पष्ट होत गेलं. तेव्हा मत बदललं नसतं, तर मला जास्त काळजी वाटली असती. मात्र सुरुवातीला ‘मास्क अपुरे आहेत, आधी डॉक्टर-नर्सना द्या’ आणि ‘मास्कचा उपयोग होतो का’ या दोन गोष्टींची सरमिसळ झाली, ती टाळायला हवी होती.

एकट्या तज्ज्ञाचं मत ही मात्र वेगळी गोष्ट. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. आमच्या सोसायटीत विकासकाने आणलेल्या इंजिनिअरने इमारत सी-१, म्हणजे पाडण्यालायक ठरवली. सभासदांच्या इंजिनिअरने दुरुस्ती पुरेल असं लिहिलं. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते, यावर दोघांचं एकमत होतं, त्याबद्दल मला शंका नाही. वाद होता आमच्याच खांबांचा. मी दोघांना विचारलं, चाचण्या कोणत्या केल्या? सभासदांच्या इंजिनिअरने अल्ट्रासॉनिक (काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून) आणि कोअर टेस्टचे (काँक्रीटचा तुकडा काढून) आकडे दाखवले, विकासकाच्या इंजिनिअरची नुसती नजरेने केलेली पाहणी होती. असे दोन अहवाल जुळत नाहीत, तेव्हा महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाता येतं, आम्ही गेलो. तिचा निर्णय येईपर्यंत तळमजल्यावर टेकू लावून घेतले, कारण आकडेवाल्याचंही चुकलं असतं, तर स्लॅब आमच्याच अंगावर आला असता.