फोन आला नाही म्हणजे रिपोर्ट नॉर्मल?

प्रश्न : सासूबाईंचं रक्त थायरॉइडसाठी तपासलं. दवाखान्यातून फोन आला नाही, म्हणून आम्ही निर्धास्त. चतुर्थी झाल्यावर खोकल्यासाठी गेलो, तर फाइलमध्ये रिपोर्ट पडलेला! टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते दाखवणारं हार्मोन) 18, म्हणजे बरंच वाढलेलं. चूक कोणाची?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : दवाखान्याची. तुमच्या डॉक्टरांना हे आवडणार नाही, पण असा घोळ मीही घातलाय. फोंड्यात नुकताच दवाखाना टाकला होता. एका बाईंच्या लघवीच्या कल्चरचा (जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा) रिपोर्ट त्याच आडनावाच्या दुसऱ्या पेशंटच्या फाइलला टाचला गेला. कल्चरला दोन-तीन दिवस लागतातच, म्हणून मीही वाट बघत बसले. पाचव्या दिवशी बाई तापाने फणफणत दारात.

तेव्हापासून टेबलावर एक लांबडी वही असते. तपासणी लिहून दिली की नाव, तारीख, फोन. रिपोर्ट आला की माझी सही. पेशंटला सांगून झालं की लाल पेनाची खूण. शनिवारी दुपारी खूण नसलेल्या प्रत्येक ओळीला कंपाउंडर फोन लावतो. निम्मे नंबर मुलांचे, आणि मुलं दुबईत! म्हणून हल्ली घरातल्या आणखी एकाचा नंबर घेतो.

तुम्ही रक्त देतानाच विचारा, रिपोर्ट कधी येणार आणि कोण सांगणार. त्या दिवशी फोन नाही आला तर आपणच लावायचा.

सासूबाईंना गोळी सुरू झाली असेल, तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. त्याआधी पातळी स्थिरावत नाही. ती तारीख आजच कालनिर्णयवर लिहून ठेवा.