बेने इस्रायली कीर्तन सभागृहात नेताना

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यू समाजाची, गीते आणि नृत्य घेऊन आपण प्रथमच लोकांसमोर जाणार आहात, म्हणून अनुभवाच्या आधारे थोडे सुचवतो. सुरुवात मराठी कीर्तनाने करावी. 1880च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायलींनी हरिदासी कीर्तनाचा साचा घेऊन त्यात बायबलमधल्या अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा साकी-दिंडी या वृत्तांत बसवल्या. त्यामुळे पेटीचा सूर लागताच आजीआजोबांना चाल ओळखीची वाटते आणि कथा मात्र नवी असते, हा आनंद त्यांना मनसोक्त घेऊ द्यावा. निरूपण लांबवू नये. मुले चुळबुळू लागतात.

मलिदा या विधीच्या वेळी म्हटले जाणारे ‘एलियाहू हन्नावी’ (प्रेषित एलिया) हे हिब्रू पद सर्वांकडून म्हणवून घ्यावे. शब्द थोडे आहेत, ते पुन्हा पुन्हा येतात आणि तिसऱ्या आवर्तनाला अख्खे सभागृह गाऊ लागते. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची यांचे मलिद्याचे ताट प्रत्यक्ष दाखवावे. मात्र हा नवसाचा व कृतज्ञतेचा विधी आहे, त्याचे नाटक करू नये.

होरा हे फेर धरून करायचे नृत्य युरोपातून इस्रायलमध्ये रुजले. ते कोकणातले म्हणून सांगू नये. हात धरून उजवा पाय डाव्यापुढून, डावा बाजूला, उजवा मागून, पुन्हा डावा बाजूला, एवढेच आधी संगीताविना, अगदी सावकाश शिकवावे. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्चीवरून टाळ्यांचा ठेका द्यावा.

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो. त्या वेळेत कार्यक्रम ठरवू नये.