'अपप्रेरणा' हा शब्द मदतीला का लावतात?

प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीतल्या चोरीत वॉचमनवर 'अपप्रेरणे'चा गुन्हा लागला. त्याने चोरांना मदत केली, प्रेरणा कुठे दिली?

किल्ला कोर्टाच्या आसपास कागदपत्रांची भाषांतरं करण्यात बरीच वर्षं गेली, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करतो.

'प्रेरणा' हल्ली सत्कार समारंभात जाऊन बसलीय. मुळात प्र + ईर्, म्हणजे पुढे ढकलणं, हलवणं. तिला अपकीर्ती-अपशब्दातला 'अप' लागला की वाईटाकडे ढकलणं. हिंदीवाले याच जागी 'दुष्प्रेरण' म्हणतात. दोन्ही शब्द इंग्रजी 'अबेट'साठी घडवलेले, आणि तो तर फारच रांगडा. जुन्या फ्रेंचमधून आला, अर्थ कुत्री अंगावर सोडणं. आमिष या अर्थाचा 'बेट' त्याच गोतावळ्यातला. थोडक्यात, आपलं 'छू'! चाळीतलं पोर कुत्र्याला छू करतं आणि स्वतः जिन्याखाली दडतं. चावतं कुत्रं, पण धपाटा कुणाला बसतो?

मदतीचा अर्थ कायद्याने जोडला. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम १०७ ने या एका शब्दाच्या पोटात तिघांना बसवलं: चिथावणी, कट आणि जाणूनबुजून केलेलं साहाय्य. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम ४५ झालं. साहाय्यात करायचं काम मुद्दाम न करणंही येतं. वॉचमनने चोरांशी ठरवून मागचं गेट उघडं ठेवलं, तर तो खुर्चीतून न उठताही अडकतो. निव्वळ डुलकी लागली असेल तर नोकरी जाईल, हे कलम लागणार नाही.

बोलताना हा शब्द अर्थातच कुणी वापरत नाही. 'फूस लावली', 'टीप दिली', 'आतून सामील होता', एवढंच. पेपरवाले 'आत्महत्येस प्रवृत्त केलं' लिहितात, ते मला 'अपप्रेरणे'पेक्षा बरं वाटतं.

एक मात्र बघा. साहाय्य गुन्ह्याच्या आधी किंवा गुन्हा घडताना झालेलं असावं लागतं. चोरी आटोपल्यावर चोराला घरात लपवलं तर ती अपप्रेरणा नाही, तो आसरा. त्याला वेगळं कलम, पूर्वीचं २१२, आता २४९. त्यातून नवरा-बायकोला सूट आहे, एकमेकांना लपवलं तर ते लागत नाही. भावाला ही सूट नाही.